न्हाणीतला पांढरा हंडा

अप्पा, तुमचा न्हाणीतला हंडा मी गेल्या आठवड्यात पुरला. फोडला नाही, तांबं मोडीत घातलं नाही, अख्खा पुरला. परसात फणसाच्या पलीकडं जिथं काहीच पिकत नाही, तिथं गड्याकडून खोल खड्डा काढून घेतला. हंड्यावर घागरीनं पाणी ओतून तो चिंब केला, ताडपत्रीत गुंडाळला आणि आम्ही दोघांनी मिळून खाली सोडला. दोघांच्याही नाकातोंडाला फडकी बांधलेली होती. मग बेळगावात भावाला फोन करून सांगितलं. तो ओरडला, "अप्पांची एवढीच आठवण राहिली होती घरात, ती पण तू मातीत घातलीस?" मी म्हटलं, आठवणी माझ्याकडं भरपूर आहेत, तुला हव्या तर देते. त्याला वेगळाच राग आहे. गणेशगुडीला नदीत बोटी चालवायला येणारी शहरातली माणसं हल्ली आपल्या बाजूलाही खोल्या शोधत येतात, आणि त्यांना दाखवायला चुलीवरची जुनी न्हाणी फार उपयोगी पडली असती. मी त्याला कारण सांगितलं. त्याला पटलं नाही. म्हणाला, "आई धुरानं गेली, सगळ्या गावाला ठाऊक आहे." म्हणून आता हे तुम्हाला लिहिते आहे. ती कशानं गेली हे गावाला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला 'तुम्ही' म्हणते आहे ते सवयीनं. मानानं म्हणते असं समजू नका.

तुम्ही नेव्हीतले. हे सांगितल्याशिवाय तुमचा एक दिवस गेला नाही. रामनगरच्या स्टँडवर बसची वाट बघताना शेजारी कोणी अनोळखी बसला, की त्याचं गाव विचारायच्या आधी तुमचं जहाज सुरू व्हायचं. बॉयलरच्या खोलीत काम, बांगलादेशची लढाई, समुद्रातले ते दिवस. त्यातली एक गोष्ट तुम्हाला सगळ्यात आवडायची. जहाज जुनं, इंग्रजांच्या वेळचं. वाफेच्या पायपांवर, छतावर, भिंतींवर पांढरं जाड लिंपण, त्यावर पांढरंच कापड. त्याला तुम्ही 'लॅगिंग' म्हणायचा. तुम्ही सांगायचा, "तोफ उडाली की समदं जहाज हादरायचं बघा. वरच्या पायपावरनं पांढरं पीठ पडायचं. ताटात, अंथरुणात, केसात. आमी फुंकायचं आणि जेवायचं. वर आलो की समदेच म्हातारे!" आम्ही पोरं हसायचो. स्टँडवरचा माणूस हसायचा. आता ती गोष्ट आठवली की मला ते ताट दिसतं.

त्या जहाजावर मी एकदा आले होते. लढाईनंतर दोन-तीन वर्षं आपण बंदराजवळच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो, तेव्हाची गोष्ट. घरच्या माणसांना जहाज दाखवायचा दिवस होता. आई वरच्या डेकवरच उभी राहिली, तिला उंचीची भीती. तुम्ही मला लोखंडी शिडीवरून खाली नेलंत. खाली इतकं गरम होतं की माझे डोळे मिटायला लागले. सगळीकडं पांढरे पाइप, प्लॅस्टरमध्ये घातलेल्या हातापायांसारखे. तुम्ही एका पायपावर माझा तळहात ठेवलात. मी हात मागं ओढला. तुम्ही हसलात. "ठेव की. आत वाफ उकळतीया, पर तुला भाजतंय काय? हीच तर जादू." खरंच भाजत नव्हतं. ते मऊ होतं, जरा खरखरीत, आणि हाताला पिठासारखं पांढरं लागलं. मी ते फ्रॉकला पुसलं. परत येताना सगळ्या वाटभर मला वाटत होतं, आपल्या अप्पांसारखा माणूस जगात नाही. आठ वर्षांची होते. तेवढं मला माफ आहे.

त्याच क्वार्टर्समध्ये आई तुमची डांगरी, तो कामावरचा अंगभर पोशाख, धुवायची. तुम्ही कामावरून आलात की ती निळी डांगरी दारातच काढून टाकायचा. आई ती गॅलरीत न्यायची आणि भिजवायच्या आधी कठड्यावर आपटून झटकायची, कारण तसंच भिजवलं तर पांढरं कापडात बसायचं आणि तुम्हाला खाजायचं. तुम्हीच तिला तसं शिकवलं होतंत. उन्हात ते पांढरं तिच्या तोंडाभोवती तरंगायचं आणि ती डोळे बारीक करून, तोंड फिरवून झटकत राहायची. मग शिंकायची. मग हसून म्हणायची, "तुझ्या अप्पांचं जहाज घरात आलं गं." एवढं करून डांगरी स्वच्छ निघाली नाही की तुम्ही ती तिच्या अंगावर फेकायचा. एकदा ती तिच्या तोंडावर बसली. कॉलरीची गुंडी लागून ओठ फुटला होता. हे तुम्ही स्टँडवर कुणाला सांगितलं नाहीत.

नोकरी संपवून गावी आलात तेव्हा दोन लोखंडी ट्रंका आणल्यात. एकीत गणवेश, बिल्ले, फोटो. दुसरीत पांढरी भुकटी भरलेली पोती आणि त्या कापडाच्या गुंडाळ्या. आल्याच्या आठवड्यातच तुम्ही न्हाणीतल्या हंड्याला जहाजाचा बॉयलर केलंत. भुकटी परातीत ओतली, पाणी घालून आईकडून कणकेसारखी मळून घेतली, हंड्याच्या बाहेरून बोटभर जाड थर दिला, वर कापड गुंडाळलं, परत लिंपलं. सकाळी चूल पेटवली तर दुपारपर्यंत पाणी कढत राहायला लागलं. गाव बघायला आला. वरच्या वाडीतल्या बायका हंड्याला हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "व्हय की, भाजत न्हाई!" तुम्ही पायरीवर उभे राहून मिशीवर हात फिरवत होता. त्यात आईच्या वाट्याला काय आलं? दर वर्षी दिवाळी झाली की थराला भेगा पडायच्या, आणि जुनं खरवडून नवं लिंपायचं काम तिचं. जहाजावर तुमच्या हाताखाली दोन पोरं होती म्हणे. इथं ती होती. पोती संपली तेव्हा तुम्ही बेळगावहून तसलीच भुकटी शोधून आणलीत, पण काम तिचंच राहिलं.

मी दहावीत असताना तिच्या मदतीला बसले होते. खरवडताना धूळ इतकी उडाली की मी ओढणी नाकावर बांधली. तुम्ही आलात आणि ती ओढणी माझ्या तोंडावरून ओढून काढलीत. "आमी म्हैनोनम्हैने ह्यात जेवलो, ह्यात झोपलो. काय झालं आमाला? लई नाजूक झालीस काय?" आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की वो, पोरगी हाय." तुम्ही तिच्याकडं नुसतं बघितलंत. ती खाली मान घालून खरवडायला लागली. मीही लागले. ओढणी तुम्ही तुमच्या खांद्यावर टाकून घेऊन गेलात.

मग मी सासरी गेले, पाच वर्षांत नवरा वारला, पोरबाळ नव्हतं, मी परत आले. आपल्या अंगणवाडीत काम मिळालं. ते सगळं तुम्हाला माहीत आहे. मला सांगायचं आहे ते त्या पाहुण्याचं. आईचं दुखणं सुरू व्हायच्या आदल्या वर्षी कारवारहून तुमच्या जहाजावरचा जुना सोबती आला. अणशीचा घाट चढून, बस बदलत, रामनगरपर्यंत आणि तिथून आपल्या घरी. हा माणूस आधीही एकदा येऊन गेला होता, चांगला दांडगा. ह्या वेळी ओळखू येत नव्हता. बसथांब्यापासून घरापर्यंत येताना जागोजागी बसत आला. आईनं त्याच्यासाठी पाणी तापवलं. तो टॉवेल घेऊन न्हाणीत गेला आणि लगेच बाहेर आला. विहिरीवर जाऊन हातपाय धुतले. मग तुम्ही दोघं शेताच्या बांधावर जाऊन बसलात. बराच वेळ. तो हात हलवून काहीतरी सांगत होता, मध्येच खोकत होता, आणि तुम्ही पाठ फिरवून नाचणीच्या दिशेला बघत होता. तुम्ही त्याला बसपर्यंत सोडायलाही गेला नाहीत. आई मात्र दोन दिवस हळहळत होती, पाहुणा आंघोळ न करता गेला म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विहिरीवर गार पाण्यानं आंघोळ करायला लागलात. आईनं विचारलं तर म्हणालात, "नेव्हीतली सवय. गरम पानी बायकांचं." तुम्ही परत कधी त्या न्हाणीत पाय ठेवला नाहीत. मी हे तेव्हाही बघत होते. म्हाताऱ्या माणसाची लहर म्हणून सोडून दिलं.

आईला आधी नुसता दम लागायचा. रामनगरच्या डॉक्टरनं खोकल्याचं औषध दिलं. मग एका बाजूला झोपता येईना. बेळगावला मोठ्या इस्पितळात नेलं, तिच्या छातीतून पाणी काढलं, तपासायला पाठवलं, आणि एक तरुण डॉक्टर आपल्याला टेबलासमोर बसवून म्हणाला, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर आहे. चांगला माणूस होता. आईकडं बघून बोलत होता, तुमच्याकडं नाही. मग त्यानं विचारलं, "हा असा सहजासहजी होत नाही. म्हणून विचारतो, तुमच्या घरात कोणी ॲस्बेस्टॉसचं काम केलंय का? पत्र्याचा कारखाना, बॉयलर, जहाज, असलं काही?"

मी तुमच्याकडं बघितलं. आता जहाज सुरू होणार, असं मला वाटलं. तुम्ही टोपी मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "न्हाई हो डॉक्टर. आमी शेतकरी मानसं. भात पिकवायचं, खायाचं."

आई म्हणाली, "अवो, तुमी तर…"

"तू बोलू नको, दम लागतोय तुला," तुम्ही म्हणालात आणि तिच्या पाठीवरून हात फिरवलात. सगळ्या जन्मात तुम्हाला तिच्या पाठीवरून हात फिरवताना मी तेवढं एकदाच बघितलं. डॉक्टरनं काहीतरी लिहून घेतलं.

जिन्यावर मी तुम्हाला विचारलं, "जहाजाचं का नाही सांगितलंत?" तुम्ही म्हणालात, "त्या पोराला जहाजातलं काय कळतंय? जहाजानं व्हायचं असतं तर मला झालं असतं. मी ठणठणीत हाय न्हवं? तुझ्या आईला चुलीनं खाल्लंय." मला ते पटलं. तुमचं म्हणणं पटवून घ्यायची घरात सगळ्यांनाच सवय होती.

आणि तुम्ही तेच सगळ्यांना सांगत सुटलात. भेटायला आलेल्या प्रत्येकाला. "ऐकत न्हवती हो. गॅस आणून ठेवला तरी चुलीला चिकटून बसायची." आई आतल्या खोलीत उशांना टेकून बसलेली असायची, कारण आडवं पडलं की जीव घुसमटायचा. तिला सगळं ऐकू यायचं. ती माझा हात धरून म्हणायची, "माजंच चुकलं गं. तू चुलीम्होरं बसू नको हां. तुला सांगून ठेवते." ती आपल्याच मरणाची माफी मागत गेली, अप्पा. मला सांगायची, शेजारणींना सांगायची, एकदा तर तुम्हाला म्हणाली, "तुमाला माज्यापायी दवाखान्याच्या वाऱ्या कराव्या लागल्या." तुम्ही दारात उभे होता. तुम्ही म्हणालात, "असू दे." असू दे! तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं ती बरी झाली नसती, हे मलाही कळतं. मी परवा फोनवर डॉक्टरला विचारलं, तेव्हा खरं सांगितलं असतं तर वाचली असती का? तो म्हणाला, बहुतेक नाही. हे मी तुमच्या बाजूनं लिहिते आहे असं समजू नका. वाचली नसतीच, पण स्वतःला दोष देत तरी गेली नसती.

ती गेल्यावरच्या दिवाळीनंतर हंड्याला भेगा पडल्या. तुम्ही मला सांगितलंत, आता हे तुझं काम. मी परात घेऊन बसले. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून, न्हाणीच्या दारापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलात आणि तिथून ओरडत होता, "डाव्या अंगाला पातळ झालंय. जाड लाव. कापडाची शिवण वर येऊ दे." तुम्ही वारलात त्या वर्षापर्यंत दर वर्षी हेच. बायको त्यातच गेली हे माहीत असताना तुम्ही त्याच परातीसमोर लेकीला बसवलंत आणि स्वतः वाऱ्याची दिशा बघून खुर्ची मांडलीत. मी हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. कुठं जास्त झालं का ते बघितलं. झालेलं नाही.

तुम्ही झोपेत गेलात, छाती स्वच्छ, म्हातारपणानं. अंगावर घालायला तिरंगा मिळाला नाही म्हणून भावाला वाईट वाटलं. मीही रडले. मी त्या हंड्यातलंच पाणी तापवून तुम्हाला शेवटची आंघोळ घातली. तेवढी एक तुम्हाला चुकवता आली नाही.

मला हे सगळं कळलं ते गेल्या उन्हाळ्यात, रामनगरला एका लग्नात. जेवणाच्या पंगतीनंतर एक म्हातारी बाई माझ्या शेजारी येऊन बसली. कारवारकडची, बोलण्यात कोकणी. म्हणाली, "तू नेव्हीवाल्या अप्पांची मुलगी न्हय? आमचे हे त्यांच्याच जहाजार होते." मला तो विहिरीवर हातपाय धुणारा माणूस आठवला. मी विचारलं, ते कसे गेले? ती म्हणाली, "छातीनं. तुमच्याकडं येऊन गेले, त्याच्या पुढच्या पावसात." मग माझ्या हातावर हात ठेवून सहज म्हणाली, "बरं केलं गं तुमी ते पांढरं काढून टाकलं ते. ह्यांचा जीव त्यातच अडकलेला. डॉक्टरानं त्यांना सांगितलं, हे जहाजावरच्या त्या लॅगिंगाचं आहे, घरात असेल तर काढा. ह्यांना लगेच तुमची न्हाणी आठवली. मी म्हटलं, पत्र टाका. म्हणाले, न्हय, तो पत्रानं ऐकणारा नाय. त्या तब्येतीत घाट चढून आले."

मी म्हटलं, "आम्ही काढलं नाही."

तिला ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हटलं, "मावशी, आम्ही काढलं नाही. माझी आई गेली त्यानं."

तिनं माझ्या हातावरचा हात काढून घेतला. "सांगितलं नाय तुझ्या बापानं?" मग स्वतःशीच म्हणाली, "मला वाटलेलं, रागावला तरी मागनं काढलंच असणार. घरी आल्यावर हे रडले होते. म्हणाले, सगळं सांगितलं तर तो मला म्हणतो, तू मरायला लागलास म्हणून माझ्या जहाजाला नावं ठेवतोस काय."

तुमच्या जहाजाला! ते जहाज तोवर भंगारात जाऊन किती वर्षं झाली होती. त्याचे खिळेमोळेही कुठं उरले नव्हते. तुमच्याजवळ माणसं होती, आणि तुम्ही जहाज सांभाळत बसलात. मी इतके दिवस विचार करते आहे, की तुम्हाला त्याचं म्हणणं खोटं वाटलं असेल. हट्टी माणसं असतात, त्यांना खरं दिसत नाही. पण मग ती विहिरीवरची आंघोळ? ती लांब मांडलेली खुर्ची? तुम्हाला अगदी पटलं होतं. स्वतःपुरतं पटलं होतं. लढाईवरून आलात तेव्हा गावानं तुम्हाला हार घातले, शाळेत नेऊन भाषण करायला लावलं. आणि स्वतःच्या बायकोसमोर "माझ्या कपड्यातनं आलं गं ते" एवढं म्हणायला तुम्ही भ्यालात. भित्रे होता तुम्ही, अप्पा. हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. तुम्ही आधीच निसटलात.

लग्नाहून आले आणि न्हाणीला कुलूप घातलं. बेळगावला जाऊन आईला तपासलेल्या त्या डॉक्टरला भेटले, सगळं सांगितलं. जहाज, डांगरी, परात. काहीही लपवलं नाही. तो म्हणाला, ते खरवडू नका, फोडू नका, अशी कामं करणाऱ्या माणसांना बोलवा. अशी माणसं जोयडा तालुक्यात कुठली आणायची? पंचायतीत विचारलं तर तिथल्या साहेबानं माझ्याकडं खुळी असल्यासारखं बघितलं. फोनवरून त्याच डॉक्टरला पुन्हा विचारलं, पाऊस संपून जमीन वाळायची वाट बघितली, आणि मग विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब तो खड्डा काढला. आता न्हाणीत बादलीत पाणी तापवायची विजेची सळई आहे. भाऊ बोलत नाही. बोलेल, किंवा नाही बोलणार. त्याच्या बायकोला मी सगळं सांगितलं आहे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, आमची मुलं सुट्टीत येऊन त्याच न्हाणीत खेळायची की." तिच्या मुलांच्या वाट्याचंही मी ह्या कागदावर तुमच्या नावानं लिहिते.

त्या डॉक्टरनं मला आणखी एक सांगितलं होतं. मी इतकी वर्षं ते लिंपलं, तर माझ्याही छातीचा फोटो काढायला पाहिजे, लगेच, त्याच दिवशी. मी म्हटलं, आज बस चुकेल, पुढच्या वेळी काढते. त्याला सहा महिने झाले. भावाच्या बायकोला सांगितलं की काढला, काही निघालं नाही. चढावर हल्ली दम लागतो. साठी उलटली, लागणारच, असं मी बायकांना सांगते. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, म्हणून इथं खरं लिहायला हरकत नाही. सोमवारी बेळगावला जायचं ठरवलं आहे. मागच्या सोमवारीही ठरवलं होतं.